दोन ॲम्प्लिफायरच्या आवाजाची तुलना: आधी व्होल्ट जुळवा, मग कान लावा

माझ्या जुन्या वहीत एक पान आहे. वर दोन ॲम्प्लिफायरची नावं, खाली दोन रकाने. नव्याच्या रकान्यात लिहिलंय: 'बेस घट्ट. गळा पुढे आला. तानपुऱ्याची तार न् तार सुटी.' जुन्याच्या रकान्यात एकच शब्द: 'दबलेला.' हे लिहिताना मी अगदी प्रामाणिक होतो. दोन दिवसांनी सहज म्हणून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला. टोन तोच, व्हॉल्यूमची बटणं मी कानानं 'सारखी' केली होती तिथंच. जुन्यावर २.८३ व्होल्ट, नव्यावर ३.२४. म्हणजे नवा जवळपास १.२ डेसिबलनं मोठा वाजत होता. व्होल्ट सारखे करून पुन्हा ऐकायला बसलो, तर कुठल्या रकान्यात काय लिहावं तेच सुचेना.

ॲम्पच्या तुलनेत माणूस पहिल्यांदा इथंच फसतो. आवाज एका डेसिबलनं वाढला तर कान 'मोठा झाला' असं सांगत नाही. तो सांगतो 'खुलला', 'भरला', 'जिवंत झाला'. त्यामागचं एक कारण जुनं आणि नीट तपासलेलं आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्जाचे स्वर फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढत जाईल तसे ते झपाट्याने वर येतात. त्यामुळे जो ॲम्प जरासा मोठा वाजतो, त्याचा बेस आपोआप 'चांगला' वाटतो.

खाली जी पद्धत सांगतोय ती घरी करता येते. लागणारं सामान असं: मल्टिमीटर, क्रोकोडाइल क्लिपा, एक स्विच, एक मदतनीस आणि एक रिकामी दुपार.

आधी प्रश्न ठरवा

'या दोघांत ऐकू येण्याजोगा फरक आहे का?' हा एक प्रश्न. 'मला कुठला आवडतो?' हा दुसरा. बहुतेक जण दुसऱ्यापासून सुरुवात करतात आणि पहिला विसरतात. फरकच नसेल तर आवडीचा प्रश्न उरत नाही. मग रंग, रिमोट, आकार यांवर खुशाल निवडा.

तुलना नक्की कशाची करताय तेही बघा. हल्लीच्या बऱ्याच ॲम्पमध्ये डॅक (डिजिटल गाणं ॲनालॉग सिग्नलमध्ये बदलणारा भाग), ब्लूटूथ, फोनो स्टेज (रेकॉर्ड प्लेअरसाठीचा भाग) असं सगळं एकाच डब्यात असतं. एकाला ऑप्टिकल वायरनं आणि दुसऱ्याला ॲनालॉग इनपुटनं गाणं दिलंत तर तुम्ही डॅकसकट सगळ्याची तुलना करताय. फक्त ॲम्पविषयी बोलायचं असेल तर एकाच प्लेअरचं ॲनालॉग आउटपुट दोघांना द्या. वाय केबलनं विभागलं तरी चालतं, पण मग दोन्ही ॲम्प चालूच ठेवा. बंद असलेल्या ॲम्पचं इनपुट काही वेळा सिग्नलवर भार टाकतं, आणि मग दुसऱ्याचाही आवाज बिघडतो.

बटणं, वायरी, खुर्ची

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण टाळलंत तर पुढची सगळी मेहनत वाया. बेस-ट्रेबल मधोमध, किंवा 'डायरेक्ट' बटण असेल तर ते दाबा. 'लाउडनेस' बंद. एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा ॲम्प) असेल तर रूम करेक्शन, म्हणजे खोलीनुसार आवाज बदलायची सोय, बंद, सबवूफर बंद, आणि स्पीकरची सेटिंग 'लार्ज'. नाहीतर रिसीव्हर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकतो आणि आपण म्हणतो याचा बेस पातळ आहे. स्पीकर तेच, त्याच जागी. वायर तीच. खुर्चीच्या पायांपाशी जमिनीवर टेप लावा, कारण डोकं वीतभर सरकलं तरी खोलीतला बेस बदलतो, आणि तो बदल बहुतेक दोन ॲम्पमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

दोन्ही ॲम्प अर्धा तास आधी चालू करून ठेवा. शेकडो तास 'ब्रेक-इन' करण्याच्या गोष्टी मी ऐकून सोडून देतो. अर्ध्या तासात आतलं तापमान आणि बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा छोटा प्रवाह) स्थिरावतो, तेवढं पुरे.

आणि एक, पोलॅरिटी. काही ॲम्प सिग्नल उलटा करून बाहेर देतात. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असेल तर त्या ॲम्पच्या बाजूला दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी अदलाबदल करा. बऱ्याचदा हे ऐकू येत नाही, पण आपल्याला शंकेला जागा ठेवायची नाहीये.

व्होल्ट जुळवणं

आता खरं काम. ध्येय असं की दोन्ही ॲम्प स्पीकरला ०.१ डेसिबलच्या आत सारखा व्होल्टेज देतील. ०.१ डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १.२ टक्के. २.८३ व्होल्टवर काम करत असाल तर ०.०३ व्होल्टची मोकळीक, बस. (हा २.८३ आकडा सगळीकडे दिसतो कारण ८ ओहमला तेवढे व्होल्ट दिले की बरोबर एक वॅट होतो.) तुलनेसाठी सांगायचं तर अर्धा डेसिबल म्हणजे ६ टक्के आणि एक डेसिबल म्हणजे १२ टक्के.

हे मोबाइलवरच्या डेसिबल ॲपनं जमत नाही. खऱ्या साउंड मीटरनंही नाही. तुम्ही हात हलवलात, श्वास घेतलात, तरी आकडा अर्धा डेसिबल हलतो. स्पीकरच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज मात्र खोलीला विचारत नाही.

करायचं असं. ॲम्प बंद करा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या वायरी क्रोकोडाइल क्लिपांनी डाव्या स्पीकरच्या लाल आणि काळ्या टर्मिनलला लावा. हातात प्रोब धरून मोजू नका; प्रोब घसरून दोन टर्मिनल एकत्र आले की आउटपुट ट्रान्झिस्टर उडायला क्षणही लागत नाही. क्लिपा एकमेकींना टेकत नाहीत ना ते बघा आणि मगच ॲम्प चालू करा. पहिल्यांदा टोन न वाजवता मीटर बघा. तिथं शून्याच्या आसपास आकडा हवा. डी क्लास ॲम्पवर (आउटपुट ट्रान्झिस्टर झटपट चालू-बंद करून चालणाऱ्या) काही वेळा टोन नसतानाही आकडा दिसतो. ती स्विचिंगची उरलेली, कानापलीकडची लहर असते. तो आकडा मोठा असेल तर मीटरच्या आधी रेझिस्टर आणि कपॅसिटरची छोटी फिल्टर लावावी लागते.

मग साइन टोन, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीचा शुद्ध सूर, वाजवा. कुठला? पुस्तकी उत्तर १००० हर्ट्झ. पण स्वस्त मीटर घरगुती विजेच्या ५०-६० हर्ट्झसाठी बनवलेले असतात आणि ४०० हर्ट्झच्या वर त्यांचा भरवसा उरत नाही. तुमचा मीटर तसा असेल तर २०० हर्ट्झ घ्या. इथं एक सोय मात्र आहे: आपल्याला खरा आकडा नको, दोन आकडे सारखे हवेत. एकाच टोनवर मीटर चुकीचं सांगत असला तरी दोन्ही ॲम्पना तेवढंच चुकीचं सांगतो. दोन दशांश स्थळं स्थिर दाखवणारा मीटर असला की झालं.

अ ॲम्पवर नेहमीच्या ऐकण्याइतका व्हॉल्यूम लावा, आकडा लिहा. ब ॲम्पवर तोच आकडा येईपर्यंत बटण फिरवा. मग उजवा चॅनेल. इथं धक्का बसायची तयारी ठेवा: एकाच ॲम्पच्या दोन चॅनेलमध्येच फरक निघतो, खास करून फिरवायच्या व्हॉल्यूम बटणाच्या अगदी सुरुवातीच्या भागात. बटण सात-आठच्या काट्यावर असताना डावा-उजवा अर्ध्या डेसिबलनं वेगळा असणं नवलाचं नाही. तसं असेल तर प्लेअरचं आउटपुट थोडं कमी करा, म्हणजे ॲम्पचं बटण अधिक वर न्यावं लागेल आणि फरक कमी होईल. बॅलन्सचं बटण असेल तर तेही वापरा.

दुसरी अडचण डिजिटल व्हॉल्यूमची. तो अर्ध्या किंवा एका डेसिबलच्या पायऱ्यांनी चढतो, त्यामुळे ०.१ साधत नाही. अशा वेळी जो मोठा वाजतो त्याच्या इनपुटला एक साधं पोटेन्शिओमीटर (फिरवायचा रेझिस्टर) बसवून बारीक जुळवणी करा. जुळलं की दोन्ही बटणांवर कागदी टेप लावा आणि पेन्सिलीनं रेघ मारा. त्यानंतर बटणाला हात लावायचा नाही. कुणाला गाणं मोठं हवं असेल तर प्लेअरवरून वाढवा, म्हणजे दोन्हीकडे सारखंच वाढेल.

जाता जाता आणखी एक मोजणी करून ठेवा, नंतर तिचा फार उपयोग होतो. ५०, १००, २०० आणि ४०० हर्ट्झ असे टोन पाठोपाठ वाजवा आणि दोन्ही ॲम्पचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. मीटर चांगला असेल तर १,००० आणि १०,००० हर्ट्झही घ्या. फक्त वरचा टोन हळू आणि दोन-चार सेकंदच, ट्वीटरची काळजी घ्या. २०० हर्ट्झवर सारखे असलेले ॲम्प ५० हर्ट्झवर वेगळे निघाले, तर निम्मं कोडं तिथंच सुटलं.

स्विच

वायरी काढून लावायला दोन-तीन मिनिटं लागतात. बारीक नादाची कानातली आठवण काही सेकंदांची असते. तीन मिनिटांनंतर आपण आवाजाची तुलना आवाजाशी करत नाही, आवाजाविषयी मनात बनवलेल्या मताशी करतो. म्हणून झटक्यात बदलणारा स्विच हवा.

इथं घाई केली तर ॲम्प जळतो, त्यामुळे चार गोष्टी नीट वाचा. दोन ॲम्पची आउटपुटं क्षणभरही एकमेकांना जोडली जाता कामा नयेत. म्हणजे स्विच असा हवा की आधी पहिला संपर्क तुटेल आणि मगच दुसरा जुळेल. दुसरं, लाल आणि काळी, दोन्ही वायरी स्विचमधून गेल्या पाहिजेत. बाजारातल्या अनेक स्पीकर सिलेक्टरमध्ये काळ्या वायरी आतून एकत्र असतात. ते डबे एका ॲम्पवर अनेक स्पीकर लावण्यासाठी आहेत. ब्रिज पद्धतीच्या ॲम्पमध्ये, आणि डी क्लासचे बरेच ॲम्प तसे असतात, काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे. त्यातही सिग्नल वाहतो. ते दुसऱ्या ॲम्पच्या ग्राउंडला जोडलं की संपलं. तिसरं, व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) ॲम्प वाजत असताना स्पीकरशिवाय मोकळा ठेवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. स्विचनं तो बाजूला केला की त्याच्यावर आपोआप ८ ओहमचा मोठा, निदान २५ वॅटचा रेझिस्टर यायला हवा. चौथं, स्विच फिरवताना गाणं क्षणभर थांबवा किंवा म्यूट करा.

रिले (विजेनं उघडमीट होणारा स्विच) वापरून असा डबा बनवता येतो. मीही बनवला. आणि त्याच डब्यानं मला एक धडा दिला. पहिल्याच चाचणीत मी १६ पैकी १५ वेळा बरोबर ओळखलं. नुसत्या अंदाजानं एवढं जमण्याची शक्यता जवळपास चार हजारांत एक. मी हवेत. संध्याकाळी भाचा स्विच हाताळत होता आणि गाणं बंद होतं. तो म्हणाला, "मामा, हा डबा एका बाजूला टक् करतो आणि दुसऱ्या बाजूला टुक् करतो." खरंच करत होता. एका बाजूला रिले ओढली जायची, दुसऱ्या बाजूला सुटायची, आणि दोन्हींचा खटका वेगळा. मी दिवसभर ॲम्प नाही, रिले ऐकत होतो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. डबा उशीत गुंडाळून शेजारच्या खोलीत ठेवला. पुढच्या फेरीत १६ पैकी ९.

न बघता ऐकणं

ओळख लपवणं हा संशयीपणा नाही. चकाकणारं जाड ॲल्युमिनियमचं पॅनेल समोर दिसत असताना कान तटस्थ राहत नाही, कुणाचाच नाही.

पद्धतीचं नाव एबीएक्स. अ म्हणजे एक ॲम्प, ब म्हणजे दुसरा, आणि क्ष म्हणजे त्या दोघांपैकी कुठलातरी एक. तुम्ही अ, ब, क्ष हवे तितक्या वेळा ऐकायचे आणि सांगायचं: क्ष म्हणजे अ की ब? हिचं सुरुवातीचं रूप १९५० मध्ये मन्सन आणि गार्डनर यांनी मांडलं. वर आलेलेच मन्सन. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी स्विचच्या डब्यासह ती ऑडिओच्या जगात आणली. तुमच्याकडे खास यंत्र नसेल तर मदतनीस आणि नाणं पुरतं. मदतनीस दुसऱ्या खोलीत किंवा पडद्यामागे. छाप पडली तर क्ष म्हणजे अ, काटा पडला तर ब. त्यानं निकाल स्वतःच्या कागदावर लिहायचा, तुम्ही तुमच्या. दोघांनी फेऱ्या संपेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. 'हं', 'नक्की?' असलं काहीही नाही. चेहरासुद्धा दिसता कामा नये.

फेऱ्या किती, हे आधी ठरवा आणि तेवढ्याच करा. १६ घ्या. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आले तर ते नुसत्या नशिबानं येण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास. १३ किंवा जास्त आले तर शंभरात एक. १० पैकी ७ मिळाले म्हणून नाचणारे पुष्कळ भेटतात; नाणं फेकूनही ७ किंवा त्याहून जास्त दर सहा वेळांत एकदा येतातच. आणि 'आता चांगले गुण आहेत, इथंच थांबू' किंवा 'आणखी चार करू, सुधारेल' हे दोन्ही चालणार नाही.

कान थकतो. चार-पाच फेऱ्या झाल्या की उठा, पाणी प्या.

एक पायरी बहुतेक जण गाळतात, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: चाचणीचीच चाचणी. दोन्ही बाजूंना एकच ॲम्प ठेवा आणि एका बाजूचा आवाज मुद्दाम एका डेसिबलनं कमी करा, किंवा प्लेअरच्या इक्वलायझरनं वरच्या स्वरांत दीड डेसिबलचा उतार द्या. मग तोच खेळ खेळा. हा माहीत असलेला फरक तुम्हाला पकडता आला तर तुमची खोली, स्पीकर आणि कान कामाचे आहेत. पकडता आला नाही, तर पुढे दोन ॲम्पमध्ये 'फरक नाही' असं निघालं त्याला काही अर्थ नाही. वजनकाटा नीट मोजतो का हे बघण्यासाठी आधी माहीत असलेलं वजन ठेवून बघतो, तसंच हे.

आणि निकाल काहीही येवो, त्याची व्याप्ती ओळखा. १६ पैकी ८ आले म्हणजे दोन ॲम्प सर्वकाळ सारखे असं सिद्ध झालं नाही. या स्पीकरवर, या आवाजात, या गाण्यांवर, तुमच्या कानाला फरक कळला नाही, एवढंच.

काय वाजवायचं

आवडती गाणी नंतर. आधी पिंक नॉइज. धबधब्यासारखा हा एकसुरी आवाज कंटाळवाणा असतो, पण फ्रिक्वेन्सीतला किंचितसा उतार-चढाव त्यात चटकन कळतो, कारण सगळे स्वर सतत हजर असतात आणि काही बदलत नाही. दुसरा माझा आवडता तुकडा तानपुऱ्याचा. तोही सतत चालू, वरचे हार्मोनिक दाट, आणि दहा सेकंदांचा तुकडा गोल फिरवला तरी खटकत नाही. तबल्याच्या बायाँची मींड बेसवरची पकड दाखवते. पियानोचा एकच स्वर वाजून विरत जातो तेव्हा हळू आवाजातला खरखरीतपणा उघडा पडतो. गळा हवाच, कारण माणसाच्या गळ्याबाबत आपल्या कानाला जन्मभराचा रियाझ आहे.

तुकडे १०-१५ सेकंदांचेच ठेवा आणि अ-ब बदलताना तोच तुकडा पुन्हा सुरुवातीपासून वाजवा. तीन मिनिटांचं गाणं अर्धं अ वर आणि अर्धं ब वर ऐकलंत तर अंतरा आणि मुखडा यांची तुलना होते.

फरक आला, आता कारण शोधा

समजा १६ पैकी १४ आले. बरेच जण इथं थांबून विशेषणांकडे वळतात. माझं मत उलट आहे: खरी मजा इथून पुढे. ऐकू आलेल्या फरकाला जवळपास नेहमीच एक साधं, मोजता येणारं कारण असतं.

सगळ्यात पहिला संशयित आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पच्या आउटपुटचा स्वतःचा विरोध. स्पीकरवर '८ ओहम' लिहिलेलं असतं, पण तो आकडा सरासरीसारखा आहे. प्रत्यक्षात एकच स्पीकर कुठे ४ ओहम असतो तर कुठे २०. ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स ०.०५ ओहम असेल तर या चढउताराचा स्पीकरवरच्या व्होल्टेजवर परिणाम ०.१ डेसिबलच्याही आत राहतो. पण व्हॉल्व्हच्या अनेक ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स एक-दोन ओहम असतो. २ ओहम धरा: जिथं स्पीकर ४ ओहम आहे तिथं साडेतीन डेसिबल गळतात आणि जिथं २० आहे तिथं फक्त ०.८. म्हणजे कुणी इक्वलायझरला हात न लावता २.७ डेसिबलचा चढउतार तयार झाला. हा कुणालाही ऐकू येईल. 'व्हॉल्व्हचा गोडवा' म्हणतात त्यातला मोठा हिस्सा मला हाच वाटतो, आणि म्हणूनच तो गोडवा स्पीकर बदलला की बदलतो. मघाशी लिहून ठेवलेले निरनिराळ्या टोनचे आकडे इथं उपयोगी पडतात. फरक तिथं स्पष्ट दिसेल. डी क्लासच्या काही जुन्या बांधणीतही असंच होतं, फक्त ते वरच्या टोकाला, कारण आउटपुटची फिल्टर स्पीकरच्या भारानुसार वागते.

दुसरा संशयित क्लिपिंग, म्हणजे आपण ज्याला आवाज फाटणं म्हणतो. सरासरी एका वॅटवर तुम्ही मजेत ऐकत असाल, पण तबल्याची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकते, आणि २० डेसिबल म्हणजे १०० पट वॅट. ५० वॅटचा ॲम्प १७ डेसिबललाच थांबतो. हे फाटणं दर वेळी 'फर्र' असं ऐकू येत नाही. थोडंसंच असेल तर आवाज फक्त कडक, दमवणारा वाटतो. तपासायला सोपं: दोन्हीकडचा आवाज सहा डेसिबल कमी करून चाचणी पुन्हा करा. फरक नाहीसा झाला तर गुन्हेगार सापडला. लक्षात घ्या, ५० वॅट आणि १०० वॅट यांत फक्त ३ डेसिबलचं अंतर आहे.

तिसरा: खरखर आणि घूं-घूं. गाणं बंद करून ट्वीटरला कान लावा. एका ॲम्पची 'स्स्स' जास्त असेल तर दोन स्वरांमधल्या शांततेत तुम्ही तीच ओळखत असाल. घूं-घूं आली तर मात्र ॲम्पला दोष देण्याआधी एकाची इनपुट वायर काढून बघा. दोन ॲम्प एकाच प्लेअरला जोडल्यामुळे ग्राउंड लूप (ग्राउंडच्या वायरींचं वर्तुळ) तयार होतो आणि तुलना संपली की तोही संपतो.

डिस्टॉर्शनच्या (ॲम्पनं सिग्नलमध्ये केलेल्या बिघाडाच्या) छापील आकड्यांवर मी फार वेळ घालवत नाही. ०.०१ टक्के म्हणजे सिग्नलच्या ८० डेसिबल खाली, ०.००१ म्हणजे १०० डेसिबल खाली. गाणं चालू असताना यातला फरक कानाला शोधून सापडत नाही. अपवाद एक. एबी क्लासच्या (लहरीचे वरचे-खालचे अर्धे वेगवेगळ्या ट्रान्झिस्टरकडे देणाऱ्या) जुन्या ॲम्पचा बायस उतरला असेल तर लहर शून्य ओलांडते तिथं खाच पडते, आणि ती हळू आवाजातच जास्त टोचते. विरत जाणारा पियानो खरबरीत वाटला तर ॲम्प दुरुस्तीला न्या. तशा स्थितीत त्याची कुणाशीच तुलना करू नका.

स्पीकरवर न ऐकता: वजाबाकी

ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांच्यासाठी. स्पीकर जोडलेला असतानाच ॲम्पच्या आउटपुटवरून सिग्नल घेऊन तो ऑडिओ इंटरफेसनं (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या डब्यानं) रेकॉर्ड करायचा. थेट नाही; ८ ओहमला ५० वॅट देणारा ॲम्प २० व्होल्ट बाहेर टाकतो आणि इंटरफेसचं इनपुट त्यानं जाईल. १० हजार आणि १ हजार ओहमचे दोन रेझिस्टर लावून अकरावा हिस्सा घ्या, म्हणजे १.८ व्होल्ट. ब्रिज पद्धतीच्या ॲम्पचं काळं टर्मिनल इंटरफेसच्या ग्राउंडला जोडू नका. तिथं दोन्ही टर्मिनलना वेगवेगळे रेझिस्टर लावून बॅलन्स्ड इनपुट (दोन वायरींमधला फरक घेणारं) वापरा. गाणं वाजवणं आणि रेकॉर्ड करणं एकाच इंटरफेसवरून करा, म्हणजे दोन्हींचं घड्याळ एक राहतं आणि फाइली हळूहळू सरकत नाहीत.

आता दोन फाइली आहेत. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये त्या अचूक एकावर एक बसवा, एक उलटी करा आणि बेरीज करा. उरतो तो निव्वळ फरक. तो ऐकता येतो! पण सावध: आवाजाच्या पातळीत नुसता ०.१ डेसिबल फरक राहिला तरी वजाबाकी ३९ डेसिबलच्या खाली उतरत नाही. म्हणजे जे उरलं त्याला ॲम्पचा 'स्वभाव' म्हणण्याआधी पातळी हजारांश डेसिबलपर्यंत जुळवावी लागते. त्याच फाइली फूबार २००० या कॉम्प्युटरवरच्या म्युझिक प्लेअरच्या एबीएक्स कॉम्पोनंटमध्ये टाकल्या की मदतनीस, रिले, उशी काहीच लागत नाही.

या वजाबाकीचा सगळ्यात गाजलेला वापर १९८५ चा. बॉब कार्व्हर या अमेरिकी डिझायनरनं 'स्टिरिओफाइल' मासिकाला आव्हान दिलं: तुमच्या पसंतीचा कुठलाही महागडा ॲम्प द्या, माझा ट्रान्झिस्टरचा ॲम्प मी त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. त्यांनी व्हॉल्व्हचा ॲम्प दिला. कार्व्हर दोन ॲम्पमधला फरक मोजत, आपल्या सर्किटमध्ये छोटे बदल करत गेला आणि तो फरक सिग्नलच्या जवळपास ७० डेसिबल खाली नेला. मग परीक्षकांना दोघांत भेद करता आला नाही. त्यानं जे जुळवलं त्यात आउटपुट इम्पिडन्सही होता.

हेडफोनचा ॲम्प असेल तर

पद्धत तीच, पण आउटपुट इम्पिडन्स इथं आणखी सतावतो. साधा नियम असा की ॲम्पचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंत. मोजणंही सोपं आहे. हेडफोन न लावता टोनचा व्होल्टेज मोजा, मग ३२ ओहमचा रेझिस्टर लावून मोजा. १.०० चा ०.८० झाला तर ३२ × (१.०० ÷ ०.८० − १), म्हणजे ८ ओहम. नियमाच्या दुप्पट.

मग आवडीचं काय?

आवड शेवटी. व्होल्ट जुळवलेले, बटणांवर टेप लावलेली, अशा स्थितीत एक आठवडा एकच ॲम्प ऐका, पुढच्या आठवड्यात दुसरा. दीर्घ ऐकण्यात काही गोष्टी कळतात ज्या १५ सेकंदांत कळत नाहीत: पंख्याची घरघर, उन्हाळ्यात तापणारं कपाट, रात्री हळू ऐकताना डावीकडे झुकणारा आवाज, चालू करताना स्पीकरमधून येणारा 'धप्'. ॲम्प ठेवायचा की परत करायचा हे ठरवायला ही कारणं पुरेशी आहेत आणि त्यांची लाज वाटायचं कारण नाही. मी त्या वहीतल्या दोघांपैकी जुना ठेवला, कारण त्याचं व्हॉल्यूमचं बटण अंधारातही हाताला सापडतं.

टेप आणि पेन्सिलीची रेघ मात्र लगेच काढू नका. तुम्ही हे सगळं उरकलंय असं कळलं की एखादा मित्र आपला ॲम्प घेऊन दारात उभा राहतोच.